सोंगाचे नाव आणि घरचे नाव

‘अवतार’ हा आपला शब्द परदेशी गेला आणि तेथे एका वेगळ्याच अर्थाने रुळला, हे आपणांपैकी पुष्कळांच्या कानावर आलेच असेल. १९८६ साली अमेरिकेत लुकासफिल्म या कंपनीने ‘हॅबिटॅट’ नावाचे एक नगर वसविले. वसविले म्हणजे संगणकात वसविले. घरच्या लहान संगणकावरून टेलिफोनच्या तारेने माणसे त्यात शिरत, आणि तेथे त्यांच्या वतीने जे चित्रातले बाहुले हिंडेफिरे, त्याला चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर या कर्त्यांनी ‘अवतार’ म्हटले. या अवतारांना आपले डोके उतरवून दुसरे चढविता येत असे. आमच्या कोकणातल्या दशावतारी नटाचीही एवढी सोय नाही!

मात्र दशावतारात राजाचे सोंग कोणी घेतले आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. या मायानगरांत ते ठाऊक नसते. ते ठाऊक असावे काय, आणि असल्यास कोणाला, यावर गेली तीसचाळीस वर्षे वाद चालला आहे. आम्हांला वाटते की, या वादात मुखवट्याला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. पाहावयाचे ते हे की, मुखवटा आणि घरचे नाव यांना जोडणारा धागा कोणाच्या हाती आहे.

टोपणनावाचे मोल मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा केवढा गदारोळ उठला, आणि ही बाई कोण याची केवढी चौकशी सुरू झाली! बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचे नाव प्रकाशक ह. वि. मोटे यांना ठाऊक होते. त्यांनी ते पोटात ठेवले. धागा विश्वासाच्या हाती होता. यंत्राच्या पोटात गेलेले नाव असे राहते काय, हे पाहण्यासाठी मायानगरांचा थोडा इतिहास चाळला पाहिजे.

१९९० साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत पाव्हेल कर्टिस या गृहस्थाने ‘लॅम्डामू’ नावाचे एक घर उघडले. त्यात चित्रे नव्हती; सारे अक्षरांत होते. नवा पाहुणा प्रथम कोट ठेवण्याच्या अंधाऱ्या कपाटात अवतरे, दार उघडी आणि दिवाणखान्यात येई. तेथे कोण कोणाशी काय बोलतो, कोण हसतो, कोण उठून जातो, हे सर्वांच्या पडद्यावर ओळीओळींनी उमटे. नाव, रूप, स्त्री की पुरुष, सारे ज्याचे त्याने ठरवावयाचे. घराची यंत्रणा राखणाऱ्या मूठभर मंडळींना ‘जादूगार’ म्हणत. कोण कोठल्या संगणकावरून आला आहे, हे या जादूगारांना दिसत असे.

१९९३ साली एका रात्री या दिवाणखान्यात ‘मिस्टर बंगल’ नावाचे सोंग आले. त्याच्याजवळ एक करणीची बाहुली होती. बाहुली म्हणजे एक लहानसा आज्ञासंच. त्याच्या बळावर दुसऱ्याच्या नावाने वाटेल ते कृत्य पडद्यावर उमटविता येई. बंगलने भरल्या बैठकीत काही सोंगांकडून अशी बीभत्स कृत्ये ‘करविली’. शेकडो मैलांवर घरी बसलेली बाई वाचते आहे की, आपण सर्वांदेखत अमुक केले, आणि तिला ते थांबविता येत नाही. पुढे त्यांपैकी सिॲटल शहरातल्या एका बाईने घडल्या प्रकाराबद्दल रहिवाशांसाठी लिहिले, तेव्हा लिहिताना तिचे डोळे वाहत होते. नुसत्या अक्षरांनी कोणाची अब्रू जाते काय, असे विचारणारे तेव्हाही होते. आम्ही त्यांना इतकेच म्हणू की, अब्रू ही नावाला चिकटलेली असते, आणि ते नाव तिने स्वतः निवडून जोपासलेले होते.

रहिवाशांची सभा भरली. दोनतीन तास वाद झाला, निर्णय झाला नाही. (सभेचा हा धर्म अक्षरांच्या घरातही सुटत नाही!) अखेर एका जादूगाराने एकट्यानेच आपल्या अधिकारात बंगलचे सोंग पुसून टाकले. कर्टिस परगावी होता. तो परतल्यावर त्याने यापुढे अर्ज आणि मतदान यांनी कारभार चालावा अशी व्यवस्था केली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने हे सारे त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये लिहिले.

या प्रकरणातली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. बंगल न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठाच्या संगणकावरून येतो हे माहीत होते. विद्यापीठाकडे तक्रार करावी, कायद्याचा आधार घ्यावा, अशा सूचनाही निघाल्या. त्यांना फारसा पाठिंबा मिळाला नाही. गुन्हा या घरात घडला, तेव्हा शिक्षाही या घरातच व्हावी, असे लोकांचे मत पडले. पुढे उघड झाले ते आणखी मौजेचे: बंगल हा एक इसम नव्हताच. वसतिगृहातली पोरे भोवती जमून सूचना ओरडत आणि एकजण त्या टंकित करी. घरचे नाव मागितले असते तर कोणाचे मिळाले असते? डिबेलने १९९८ साली या विषयावर पुस्तक काढले, तेव्हा त्यात पीडित सोंगांची नावे लेखातल्या नावांहून वेगळी दिली. सोंगाच्या नावालाही आडोसा लागतो, हे त्याने ओळखले असावे.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहेच. तोच बंगल थोड्याच दिवसांत नवे नाव घेऊन त्याच घरात परत आला. तेव्हा घरचे नाव सक्तीचे करा, म्हणजे माणसे नीट वागतील, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

तो प्रयोग दक्षिण कोरियाने राष्ट्रीय पातळीवर केला. तेथे ‘सायवर्ल्ड’ नावाची मायानगरी अतोनात लोकप्रिय होती. प्रत्येकाची लहानशी खोली, तीत आपले बाहुले, आणि खोली सजविण्यासाठी ‘ओकची फळे’ या नावाचे चलन. नामवंतांवर होणारी निनावी चिखलफेक थांबावी म्हणून २००७ साली कायदा झाला की, मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची ओळख आधी पटवून घ्यावी. ओळख पटे ती नागरिकाच्या तेरा आकडी नोंदणी क्रमांकाने, आणि त्या क्रमांकात जन्मतारीख गोवलेली असते. २०११ च्या जुलैत सायवर्ल्ड व तिच्या भावंडाच्या, ‘नेट’च्या, कोठारावर दरोडा पडला. सुमारे साडेतीन कोटी खातेदारांची माहिती गेली; देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तेथील घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरविला. धागा सर्वांचा, आणि ठेवला एका कपाटात! आपल्याकडे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्या दाव्याची सुरुवातही एका ओळखक्रमांकावरूनच, म्हणजे ‘आधार’वरून, झाली होती.

२०१० साली अमेरिकेतील ‘ब्लिझर्ड’ या खेळकंपनीनेही असाच बेत जाहीर केला होता: आपल्या चर्चेच्या चावडीवर खेळाडूंनी यापुढे खऱ्या नावानेच लिहावे. यात भिण्यासारखे काही नाही हे दाखविण्यासाठी कंपनीच्या एका नोकराने स्वतःचे नाव सांगितले. थोड्याच वेळात लोकांनी त्याचा पत्ता आणि दूरध्वनी हुडकून चव्हाट्यावर मांडला. तीन दिवसांत बेत मागे घेतला गेला.

आता मात्र गोष्ट नावापलीकडे गेली आहे. हल्लीच्या मायानगरीत डोळ्यांवर यंत्र चढवून शिरावे लागते; मान वळविली की अवताराची मान वळते, हात उचलला की त्याचा हात उठतो. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी ‘बीट सेबर’ या तलवारीच्या खेळातील पंचावन्न हजारांहून अधिक खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. डोके आणि दोन्ही हात कसे हलतात, एवढ्यावरून त्यांच्या यंत्राने शंभरांतल्या चौऱ्याण्णव वेळा माणूस बिनचूक ओळखला. नाव बदला, रूप बदला. बहुरूप्याला चालीवरून ओळखणारे जुने लोक होते, तसाच हा प्रकार. शिवाय ही माहिती दडविताही येत नाही; हालचाल यंत्राला कळविली नाही तर अवतार हलणार तरी कसा?

या ओळखीला लागलेला वेळ होता शंभर सेकंदांचा. पावणेदोन मिनिटेही नव्हेत. लॅम्डामूच्या त्या अंधाऱ्या कपाटात नवा पाहुणा दार चाचपीत याहून अधिक वेळ उभा राहत असेल.