टोचलेल्या दंडापासून डोळ्यापर्यंत

करोनाची लस आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य फिरत होतं: "टोचून आलेल्याच्या जवळ बसू नका, त्याच्या अंगातून रोग बाहेर पडतो." कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिनच्या बाबतीत हे निखालस खोटं होतं. पण ते ऐकून हसणाऱ्या शिकलेल्या मंडळींनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. एका लसीच्या बाबतीत अशी भीती अगदीच निराधार नव्हती. ती लस म्हणजे देवीची, जिचा वण आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर अजून दिसतो.

त्या लसीत देवीचा विषाणू नव्हताच. व्हॅक्सिनिया नावाचा त्याचा सौम्य भाऊबंद होता, पण जिवंत. टोचल्यावर तीन-चार दिवसांत तिथे पुटकुळी यायची, मग पू, शेवटी खपली. खपली गळेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, त्या जागेतून विषाणू बाहेर पडत राहायचा. जागेला खाज सुटायची. पोर खाजवायचं आणि तेच बोट डोळ्याला लावायचं. नाहीतर आई त्याचा दंड ज्या पंचाने पुसायची, त्यानेच स्वतःचं तोंड पुसायची. मग पापणी सुजायची, तिच्यावर तसेच फोड यायचे, डोळा लालभडक व्हायचा. बहुतेकांचा डोळा बराही व्हायचा. लागण बुबुळापर्यंत गेली तर मात्र फूल पडून नजर अधू होण्याची भीती असे. अमेरिकेतल्या अशा ३४८ रुग्णांचा अभ्यास १९७० साली छापून आला. म्हणजे डॉक्टरांनी ही गोष्ट लपवली नव्हती, मोजली होती.

गंमत अशी, की सुरुवातीला स्पर्श हीच या लसीची वाहतूक होती. एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचायची. व्हिएन्नाहून इस्तंबूल, बगदाद, बसरा करत ती मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. हिंदुस्थानातली पुढची लस तिच्या दंडातून निघाली. त्याआधी तुर्कस्तानात आणि बंगालमध्ये खऱ्या देवीचाच पू टोचत. तसं टोचून घेतलेला माणूस शेजाऱ्याला खरी देवी देऊ शकायचा. त्या मानाने डोळ्याची लागण हा फार लहान धोका होता.

देवी स्वतः डोळ्यांचं काय करायची, हे विसरून चालणार नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या अल-राझींनी देवी आणि गोवरावर जो ग्रंथ लिहिला, त्यात रोग्याचे डोळे कसे वाचवावेत याचं स्वतंत्र विवेचन आहे. डोळ्यांत गुलाबपाणी घालावं, असं ते सांगतात. हजार वर्षं वैद्य-हकिमांच्या हाती यापलीकडे फारसं काही नव्हतं. ते संकट लसीने संपवलं. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

तरी लस कपाटातून पुन्हा निघाली. इराक युद्धाच्या तोंडावर, डिसेंबर २००२ पासून, अमेरिकी सैनिकांना ती टोचण्यात आली. जानेवारी २००४ पर्यंत ५ लाख ७८ हजारांहून अधिक जणांना टोचलं, आणि त्यांच्यापासून दुसऱ्याला लागण झाल्याच्या ३० संशयित घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या १८ प्रयोगशाळेत पक्क्या ठरल्या. बाधितांत बायका होत्या, मित्र होते. सैनिकांना सूचना साध्याच होत्या: जागा झाकून ठेवा, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, घरात कुणाला इसब असेल तर आधी सांगा. मला वाटतं, आपल्या वस्तीतल्या आशाताईंच्या हातीही प्रत्येक लसीबद्दल असंच नेमकं बोलणं दिलं पाहिजे. "काही होत नाही हो" एवढ्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही.

२०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना लस मिळालेली नव्हती. गोवराच्या लसीतला विषाणूही जिवंत, पण दुबळा केलेला असतो. त्याने दंडावर पुवाचा फोड येत नाही, आणि टोचलेल्या बाळाचं तोंड पुसल्याने आईच्या डोळ्याला काही होत नाही. खरा गोवर मात्र कुपोषित मुलाचं बुबुळ खराब करू शकतो. म्हणून तर गोवर झालेल्या बाळाला सलग दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस देतात.