फुसका बार: बंदुकीच्या दारूच्या मापाची गोष्ट

१/ ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आज आपण एखाद्या भाषणाला लावतो. ठासणीच्या बंदुकीच्या काळी त्याचा अर्थ शब्दशः होता आणि त्यावर माणसाचा जीव अवलंबून असे. नळीत आधी दारू, मग गोळी, वरून गजाचे ठोसे. दारू थोडी कमी पडली की गोळीचा वेग घटे आणि नेम अचूक असूनही ती लक्ष्याच्या खाली जाई. दर बाराला तेवढीच दारू कशी भरायची, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे आजचा धागा.

२/ पहिले उत्तर होते काडतूस. शब्द पोर्तुगीजांकडून आला. कागदाच्या नळकांडीत एका बाराची दारू मोजून भरलेली आणि सोबत गोळी. १८५७ च्या एन्फिल्ड काडतुसाची चरबी सर्वांना ठाऊक असते. त्यातल्या दारूकडे मात्र कोणी पाहत नाही. ती अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन असे.

३/ एवढी काटेकोर मोजणी कशासाठी? या रायफलीच्या नळीवर नेम धरण्यासाठी पट्टी होती आणि तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले होते. प्रत्येक बार सारखा असेल, तरच त्या आकड्यांना अर्थ. शिपायाच्या अंदाजावर सोडलेले माप त्या पट्टीला निरर्थक करून टाकले असते.

४/ पण वजन सारखे म्हणजे बळ सारखे, असे नव्हे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे प्रमाण, कोळशाचे लाकूड, दाण्यांचा आकार, हवेतला ओलावा: यांपैकी काहीही बदलले की तेवढ्याच दारूचा जोर बदलतो. म्हणून युरोपात दारू स्वीकारण्यापूर्वी परीक्षा होई. ठरावीक दारू उखळी तोफेत घालून ठरावीक वजनाचा गोळा किती दूर जातो, ते पाहत.

५/ गोळीचा वेगच मोजण्याची खात्रीशीर रीत १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मांडली. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे सरकला त्यावरून वेग काढायचा. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला १,६०० फुटांहून अधिक निघाला. ‘ही दारू चांगली’ या मताच्या जागी आता आकडा आला. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

६/ १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली. तिचा जोर काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट. इथे जुनी सवय घातक ठरली. काळी दारू लोक आकारमानाने, म्हणजे माप भरून घेत. तेच माप नव्या दारूने भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. म्हणून काही कारखान्यांनी जुन्याच मापाने भरता येईल अशी हलकी, फुगीर दारू काढली. छऱ्यांच्या काडतुसांवर ‘इतक्या ड्रॅमच्या तोडीचे’ असा उल्लेख अजूनही आढळतो, तो याच संक्रमणाचा अवशेष.

७/ पितळी काडतुसे आली तशी रिकामी टोपणे पुन्हा भरण्याची प्रथाही रुजली. अमेरिकेत जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीची अवजारे त्यासाठी प्रसिद्ध होती. अशा मापयंत्रात फिरत्या दांड्याला एक पोकळी असते. मूठ फिरवली की पोकळीभर दारू खाली पडते. पण यंत्र मोजते आकारमान, वजन नव्हे. वरच्या भांड्यातली दारू उतरली, मूठ कधी हळू तर कधी जोरात फिरली, तरी माप हलते. लांब काडीसारखे दाणे एकमेकांत अडकतात, कधी यंत्रात चिरडतात. म्हणून जाणकार यंत्राने किंचित कमी दारू घेत आणि उरलेली तराजूवर दाणा दाणा टाकून पुरी करीत.

८/ १९३३ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी गोल दाण्यांची दारू सिद्ध केली. ती वाळूसारखी घरंगळते, अडकत नाही आणि मापात सारखी भरते. इथे माप सुधारण्याऐवजी मोजायची वस्तूच बदलली.

९/ तरीही एकक जुनेच राहिले: ग्रेन, म्हणजे मुळात धान्याचा दाणा. एका पौंडात ७,००० ग्रेन. सोनाराच्या गुंजेचे हे दूरचे भावंडच.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सावधगिरी शिकता येते. जुन्या कागदांत ‘इतके मण दारू’ असे वाचले की आपण लगेच दोन सैन्यांची ताकद त्या आकड्यांनी तोलू लागतो. पण मण सारखे असले तरी दारू सारखी असेलच असे नाही. ती कोणी केली, कोरडी होती का, तिची परीक्षा झाली होती का, हे विचारल्याशिवाय तो आकडा आपल्या हाती फुसका बारच ठरेल.