कुंडीतला अंकुर

रायपूरच्या समता कॉलोनीत सकाळचे ऊन प्रथम आमच्या गच्चीच्या कठड्यावर उतरते. तेथील तुळशीच्या पानांतून पोपटी प्रकाश झिरपू लागला, की आम्ही कॅमेरा हाती घेतो. तोच कचेरीची वेळ होते. अशा वेळी दादासाहेब फाळके आठवतात. पुरातत्त्व खात्याची नोकरी केलेले हे गृहस्थ तसे आपल्याच सरकारी गोतावळ्यातले. मात्र त्यांनी ती सोडली! ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिल्यानंतर ते चित्रपटांच्या इतके नादी लागले, की डोळ्यांवर ताण पडून दृष्टीच अधू झाली. उपचारांनी ती परत आली. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर नित्य त्याची छायाचित्रे घेऊन सारी वाढ मिनिटभराच्या पटात दाखविली. तो पाहून भांडवल मिळाले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटे, निळे आकाश पांढरे. अंकुराची हिरवाई तिच्यावर करडीच राहिली. ती पाहिली फाळक्यांच्या त्या बऱ्या झालेल्या डोळ्यांनी.

गेल्या रविवारी आम्हीही वाटाणा पेरला. कुंडी पूर्वेच्या कठड्यावर ठेवली आहे. पश्चिमेकडे पाण्याच्या टाकीची सावली पडते.