अन्वय, व्यतिरेक आणि शेळीचं दूध

लेकीचं बाळंतपण आमच्याकडे झालं. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी लंगोट बदलताना बाळाची शी बुळबुळीत दिसली आणि तिच्यात एक तांबडा दोरा. अगदी शिवणाच्या डब्यातला वाटावा असा. बाळ हसत होतं, अंगावर पीत होतं, वजनही चढत होतं. तरी घर हादरलं. डॉक्टर म्हणाले, "गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते." घरी पोचेपर्यंत त्या "असू शकते"चं "आहे" झालं होतं. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "ताई, लेकराला आईचंच दूध बाधतंय. तोडा ते. शेळीचं सुरू करा, मी धनगराला सांगून ठेवलंय."

हे मत त्यांच्या एकट्यांचं नाही. गाईचं सोसत नसेल तर शेळीचं, तेही नाही तर देशी गाईचं, हा सल्ला आपल्याकडे घरोघर मिळतो. खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा असा जुना दंडक आहे, आणि या पूर्वपक्षाला बळ आहे. शेळीच्या दुधातले स्निग्धाचे कण बारीक असतात, पोटात त्याचा साका मऊ पडतो. आयुर्वेद त्याला लघु म्हणतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात बाळासाठी शेळीचं दूध सांगितलं आहे. शिवाय गांधीजी तेच पीत.

गांधीजींचं आधी उरकते. १९१८ च्या आजारपणानंतर मुंबईत डॉक्टर दलालांनी त्यांना दूध घ्यायचा आग्रह केला. गाई-म्हशींवरच्या फुंक्याच्या क्रूर प्रकारामुळे त्यांनी दूध सोडलं होतं. मग शेळीचं तरी घ्या, असं कस्तुरबांनी सुचवलं आणि व्रताच्या शब्दातून वाट निघाली. त्यात आपण व्रताचा शब्द पाळला पण आत्मा मोडला, अशी खंत त्यांनी स्वतः नोंदवली आहे. यात पचनाचा संबंध नाही, मग तान्ह्या बाळाचा कुठून असणार?

वाग्भटाचं वजन जास्त आहे, म्हणून तिथे थांबायला हवं. त्याने शेळीचं किंवा गाईचं दूध सांगितलं ते "स्तन्याच्या अभावी". आई नाही, दाई नाही, तर लेकराला जगवायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. आणि "शेळीचं किंवा गाईचं" असं म्हणताना त्याने दोघींना एकाच पाटावर बसवलं आहे. गाईचं बाधल्यावर शेळीचं द्या, असं त्यात कुठे आहे? स्तन्य असताना ते तोडून वरचं दूध द्या, हे तर त्याच्या शब्दांच्या थेट उलट. वाग्भट विहीणबाईंचा साक्षीदार म्हणून उभा राहतो खरा, पण उलटतपासणीत माझ्या बाजूने बोलतो.

मूळ घोटाळा "दूध पचत नाही" या तीन शब्दांत आहे. त्यात दोन वेगळी दुखणी एकत्र गुंडाळली जातात. एक, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं. दुसरं, दुधातलं प्रथिन शरीराने शत्रू समजून त्याच्यावर चालून जाणं. जन्मजात लॅक्टोज न पचणारं बाळ अतिशय दुर्मीळ. आईच्या दुधात शंभराला सातच्या आसपास लॅक्टोज असतं, गाईच्या दुधात पाचाच्या आत. साखर दोषी असती तर आईचंच दूध अधिक बाधलं असतं. म्हणून लॅक्टोज काढलेली पावडर या ॲलर्जीवर कुचकामी आहे. तिच्यातलं प्रथिन जिथल्या तिथे असतं.

आणि प्रथिनच दोषी असेल तर हलकं-जड हा विचार गैरलागू ठरतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी प्राणिशास्त्रात एकाच कुळातल्या. त्यांच्या दुधातलं केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन इतकं सारखं, की गाईच्या प्रथिनावर भडकणारं शरीर शेळीलाही तेच समजतं. इटलीतल्या संशोधकांनी गाईच्या दुधाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २६ मुलांना शेळीचं दूध देऊन पाहिलं. २४ जणांना त्रास झाला. हा निकाल १९९९ सालचा. आपल्या धनगराच्या कॅनपर्यंत तो अजून आलेला नाही. दूध चांगलं उकळूनही सुटका नाही, कारण केसीन उकळीला दाद देत नाही.

शेळीच्या दुधाची दुसरी खोट ॲलर्जीशी निगडित नाही, पण मोठी आहे. त्यात फोलेट फार थोडं. नुसत्या शेळीच्या दुधावर वाढलेल्या बाळांत पांडुरोग होतो हे शंभर वर्षांपूर्वीच जर्मन बालवैद्यांनी पाहिलं होतं, आणि त्या आजाराला शेळीच्या दुधाचंच नाव दिलं होतं. फोलेट वगैरे घालून केलेली शेळीच्या दुधाची पावडर निरोगी बाळाला चालते, एवढं मी मान्य करते. ॲलर्जी असलेल्याला तीही नको.

देशी गाईवाल्यांचं म्हणणं नवं आहे आणि महागडं आहे. "ए-टू" दुधाचा सगळा डोलारा बीटा-केसीनच्या २०९ दुव्यांच्या साखळीतल्या ६७ व्या दुव्यावर उभा आहे. तिथे हिस्टिडीन असेल तर ए-वन, प्रोलीन असेल तर ए-टू. बाकीची साखळी तशीच, आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तर दोन्हींत. गीर गाईबद्दल मला आदर आहे, पण एक दुवा बदलल्याने ॲलर्जी फसत नाही. पाकिटांवरचे हे ए-वन, ए-टूचे दावे काढा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं आणि आठवड्याभरात ते मागेही घेतलं. त्यावर मी काय बोलणार?

गंमत अशी, की गल्लीतून "गाढविणीचं दूध" ओरडत जाणारा, ज्याला आम्ही शहाणे हसतो, तो शास्त्राच्या जास्त जवळ आहे. गाढवीण या कुळापासून दूरची. ॲलर्जी असलेल्या मुलांवर तिचं दूध इटलीत वापरून पाहिलंय आणि बहुतेकांना ते सोसलं. पण त्यात स्निग्ध अगदी कमी असल्याने तेल मिसळावं लागतं. आणि दारात काढलेलं कच्चं चमचाभर दूध ही वेगळी गोष्ट. ते देऊ नये.

मग उत्तरपक्ष काय? आईचं दूध तोडायचं नाही. आईने खाल्लेल्या गाईच्या दुधाचं प्रथिन तिच्या दुधात उतरतं, पण इतकं थोडं, की २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार तत्काळ प्रकारची ॲलर्जी असलेल्या ९९ टक्क्यांहून अधिक बाळांना ते त्रास द्यायला पुरत नाही. उशिरा दिसणाऱ्या प्रकारात शंका राहते. ती फेडायची रीत नैयायिकांना ओळखीची वाटेल. कारण काढलं की कार्य थांबतं का, हा व्यतिरेक. कारण परत आणलं की कार्य परत येतं का, हा अन्वय. आईने दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद करायचं, मग पुन्हा सुरू करून पाहायचं. दोन्ही पायऱ्या चढल्याशिवाय निदान नाही. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप, लागोपाठ उलट्या असं काही झालं असेल तर मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही, तो दवाखान्यातच.

आपण व्यतिरेकाशी थांबतो. दूध सोडलं, बाळ निवळलं, निकाल लागला. पण तान्ह्यांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरतं. त्या दरम्यान जे कराल त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. रक्ताच्या दोऱ्यांचंही बरंचसं तसंच. फिनलंडमध्ये शीतून रक्त जाणाऱ्या ४० बाळांची नीट तपासणी केली, तेव्हा गाईच्या दुधाची ॲलर्जी १८ टक्क्यांतच ठरली. युरोपात कसून केलेल्या एका मोठ्या पाहणीत ही ॲलर्जी दोनशेत जेमतेम एका बाळाला निघाली. आणि इंग्लंडात २००६ ते २०१६ या दहा वर्षांत खास ॲलर्जीच्या पावडरींच्या चिठ्ठ्या सहापट झाल्या. बाळं काही सहापट आजारी पडली नव्हती. यातल्या पावडर कंपन्यांच्या हातावर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०१८ मध्ये बोट ठेवलं. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, पण भीतीची जाहिरात कुणी करावी लागत नाही.

आईचं दूध खरोखरच नसेल आणि ॲलर्जी सिद्ध झाली असेल, तर प्रथिनाचे बारीक तुकडे केलेली पावडर, त्यावरही भागलं नाही तर अमिनो आम्लांची. महाग आहेत, पण शेळीला पर्याय त्या आहेत. अर्धवट तुकडे केलेल्या पावडरी यात मोडत नाहीत. तांदळाचं किंवा बदामाचं "दूध" तान्ह्याला दूध म्हणून देणं म्हणजे उपासमार.

आम्ही व्यतिरेक केला तेव्हा कळलं, दूध घरात कुठे कुठे असतं. चहा, दही सोपं. अळिवाची खीर, शतावरी कल्प दुधातला. बिस्किटात दुधाची भुकटी. घरच्या तुपात बेरीचा अंश. आणि रोज सकाळी मी स्वतः सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा उगाळत होते, तो गाईच्या दुधात. पहिले सहा महिने घुटीचं कामच नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सहाण माळ्यावर गेली. लेकीच्या कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या.

दोन आठवड्यांत दोरे थांबले. "बघा, दूधच होतं," विहीणबाई म्हणाल्या, आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. चौथ्या आठवड्याच्या अखेरीला लेकीने दुधाचा चहा केला, कप दोन्ही हातांत धरून बसली आणि मला म्हणाली, "आई, पिऊ ना गं?" त्यानंतर पंधरा दिवस आम्ही प्रत्येक लंगोट खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. काही आलं नाही. धनगराचा कॅन अजून येतो. ते दूध विहीणबाई पितात.