प्रकाशाने रक्त निर्धोक करण्याचा इतिहास

दात्याच्या रक्तातले विषाणू प्रकाशाने निकामी करण्याचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काविळीमुळे सुरू झाले. १९४२ मध्ये पीतज्वराची लस टोचलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे ५०,००० जणांना काविळीमुळे रुग्णालयात ठेवावे लागले. त्या लशीत मानवी सीरम मिसळलेले होते. रणांगणावरचा सुका प्लाझ्माही तितकाच धोक्याचा होता. तो अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवत, आणि एक दाता बाधित असला तरी सगळा घाणा दूषित होई.

ऑलिफंट आणि हॉलेंडर यांनी १९४६ मध्ये अतिनील किरणांनी सीरममधला हा संसर्ग थोपवता येतो, असे प्रसिद्ध केले. मग दिव्यासमोरून प्लाझ्माचा पातळ थर वाहता ठेवणारी यंत्रे आली. थर पातळच लागे, कारण प्रथिनांनी दाट झालेल्या द्रवात हे किरण फार खोल शिरत नाहीत. कोरियन युद्धाने या उपायाचे अपयश उघडे पाडले. किरण दिलेला प्लाझ्मा चढवूनही जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या सैनिकांना कावीळ झाली. १९५३ मध्ये अमेरिकी सैन्याने प्लाझ्माऐवजी डेक्स्ट्रान वापरण्याचा आदेश काढला. प्रयोगशाळेतल्या यशावर विसंबण्याची ही किंमत जखमी सैनिकांनी मोजली.

पुढचा मार्ग जुन्या निरीक्षणातून निघाला. म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांना १९०० च्या सुमारास दिसले होते, की अ‍ॅक्रिडीन रंगात ठेवलेले सूक्ष्मजीव उजेड पडल्यावर मरतात. एड्सच्या साथीने रक्तपेढ्यांवरचा विश्वास हादरल्यावर या तत्त्वाकडे गांभीर्याने पाहिले गेले. मिथिलीन ब्लू मिसळून प्लाझ्मावर प्रकाश टाकण्याची पद्धत १९९० च्या दशकात जर्मनीत रूढ झाली.

प्लेटलेटसाठी सोरालेन उपयोगी पडले. बावचीच्या बियांत सापडणारे हे द्रव्य भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये वेगळे केले होते. कोडावर बावची आणि ऊन हा उपचार तर आयुर्वेदात फार जुना. अ‍ॅमोटोसालेन हे सोरालेनचेच कृत्रिम रूप. प्लेटलेटच्या पिशवीत ते मिसळतात, पिशवी दिव्यांच्या यंत्रात हलती ठेवून काही मिनिटे अतिनील-अ प्रकाश देतात आणि उरलेले द्रव्य शोषून काढतात. प्रकाश मिळताच ते विषाणूच्या जनुकीय धाग्यांना जखडते, त्यामुळे विषाणूची वाढ थांबते. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्याने तिचे काम चालू राहते. जिवाणूही मरतात, हा मोठाच लाभ. कारण प्लेटलेट २० ते २४ अंश सेल्सिअसला साठवाव्या लागतात आणि त्या उबेत जिवाणू झपाट्याने वाढतात.

२००६ मध्ये चिकुनगुनियाच्या साथीत रियुनियन बेटावर रक्तसंकलन थांबले, तेव्हा तिथे प्लेटलेट याच पद्धतीने निर्धोक करून वापरल्या गेल्या. स्वित्झर्लंडने २०११ मध्ये ती देशभर लागू केली. अमेरिकेने २०१४ मध्ये परवानगी दिली.

हेपॅटायटिस-ए, हेपॅटायटिस-ई आणि पार्वो बी-१९ हे आवरण नसलेले विषाणू मात्र या उपचाराला पुरते दाद देत नाहीत. तांबड्या पेशींची अडचण वेगळी: त्यांतले हिमोग्लोबिनच प्रकाश शोषून घेते. म्हणून त्यांच्यासाठी प्रकाशाविना काम करणारी रसायने अजमावली जात आहेत.