कोनगाव ते साहित्यनगरी

शुक्रवार, ३ फेब्रुवारी २०१७. आताच्या काळातून मागे जाऊन तुम्ही कोनगावच्या नाक्यावर रिक्षेची वाट बघताय. भिवंडी-कल्याण रस्त्यावर मेट्रोचा एकही खांब नाही, मधला भाग मोकळा. सवयीने तुम्ही क्यूआर कोड शोधता, रिक्षावाला हसतो. नोटाबंदीला अजून तीन महिनेही झालेले नाहीत, त्याला सुटे दहा-दहाच हवेत.

खाडीवरचा पूल ओलांडला की उजवीकडे-डावीकडे बघू नका, दुर्गाडी किल्ला तुम्ही रोजच बघता. पत्रीपुलाकडे मात्र नीट बघून घ्या. ब्रिटिशांच्या काळचा तो जुना लोखंडी पूल अजून उभा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो पाडतील आणि नवा पूल २०२१ च्या जानेवारीत खुला होईल. कोंडी मात्र आजही आहेच. टाटा पॉवरच्या नाक्यावरून डोंबिवलीत घरडा सर्कलला पोहोचेपर्यंत सकाळची ग्रंथदिंडी कधीच आटोपलेली असते.

सावळाराम महाराज क्रीडा संकुल तीन दिवसांपुरतं पु. भा. भावे साहित्यनगरी झालंय. लेखक भावे डोंबिवलीचेच, शं. ना. नवरेही इथलेच. पण ९०व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद आहे इथल्या आगरी समाजाच्या आगरी यूथ फोरमकडे. एरवी ही मंडळी याच मैदानावर आगरी महोत्सव भरवतात. तिथे तांदळाच्या भाकरीच्या वासानेच रस्ता सापडतो. आज पुस्तकांचे गाळे आहेत. एका गाळ्यावर तुम्ही पुस्तक उचलता आणि दोन हजारांची नवी गुलाबी नोट पुढे करता. विक्रेता ती दोन बोटांत धरून उजेडाकडे करतो, गल्ला उघडून दाखवतो. आत तीन-चार शंभराच्या नोटा, बाकी दहा-वीसच्या. "सुटे असले तर न्या, नाहीतर उद्या या." तुम्ही पुस्तक पुन्हा जागेवर ठेवता.

मुख्य मांडवात पुढच्या रांगा निमंत्रितांना राखीव. तुम्ही मागे कडेला उभे असता, तेवढ्यात कुणीतरी खुर्ची ओढून देतं, "दादूस, इकरं बस." देणारा स्वयंसेवक आहे, गळ्यात बिल्ला, पायांत दिवसभराची धूळ. माईकवरचं मराठी वेगळं, मांडवाच्या कडेचं वेगळं. स्वागताध्यक्ष गुलाब वझे यांच्या हाती यजमानपद आहे, खुर्च्या आगरी बोलीतच लागतात, पाणीही आगरीतच फिरतं. पण कार्यक्रम सुरू झाला की ही भाषा खुर्च्यांच्या रांगेशी थांबते. मला हे खटकतं. यजमान घरचा असेल तर त्याची बोलीही व्यासपीठावर यायला नको का?

उद्घाटक विष्णू खरे. मराठी आडनावाचा हिंदी कवी, पत्रकार, सिनेमावर मनापासून लिहिणारा. ते उभे राहतात तेव्हा तुम्ही जरा पुढे सरका, कारण दीड वर्षाने, सप्टेंबर २०१८ मध्ये ते जाणार आहेत, आणि हे या मांडवात तुमच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. मावळते अध्यक्ष श्रीपाल सबनीस, नवे अक्षयकुमार काळे. काळे नागपूरचे समीक्षक, कवितेचे आणि गालिबचे अभ्यासक, मतपत्रिकांवर निवडून आलेले. दोन वर्षांनी यवतमाळला अरुणा ढेरे निवडणुकीशिवाय अध्यक्ष होतील, तेही तुम्हाला माहीत आहे, पण सांगायचं नाही.

भाषणापूर्वी सत्कार. सत्कारानंतर आणखी सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. लेखकाला बोलायला मिळतो तो उरलेला वेळ, ही संमेलनांची जुनी खोड. इथली माणसं तरीही ढळत नाहीत. हरिनाम सप्ताहात तासन् तास कीर्तन ऐकायची सवय असलेली गावं ही. दोन तास म्हणजे त्यांना फार नव्हे.

शेजारी लुगड्यातली आजी आहे. सुनेने आणलंय तिला. अध्यक्षीय भाषण चालू असताना ती तुमच्याकडे झुकते, "यो मानूस गात नाय का?"

तुम्ही सांगता, हे भाषण आहे. ती मान हलवते. सून हळूच सांगते की आजी धवलारीण आहे. हळदीत, लग्नात रात्र-रात्र धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हणते, सगळे तोंडपाठ, वहीत एकही नाही. कार्यक्रमपत्रिकेवर हिच्यासाठी जागा कुठे, हे तुम्ही बघू लागता. उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन. दोन्ही बाजू उलटून बघता. मग कविकट्टा दिसतो. तिथे कविता म्हणायची सोय आहे, निदान तसं लिहिलंय.

"आजी, उद्या येणार का?"

ती सुनेकडे बघते, सून मोबाइलमध्ये शनिवारची बस शोधू लागते.