वखारीतल्या बायका

गुरविंदर सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. २०११ साली त्यांनी गुरदियाल सिंग यांच्या कादंबरीवरून ‘अन्हे घोडे दा दान’ हा पंजाबी चित्रपट केला. गावकुसाबाहेरचे भूमिहीन लोक, पाडलेले एक घर आणि मोजके बोलणे. तो पाहताना मला आपली निपाणी आठवली. कारण असे काम आपल्याकडे त्याच्या एकोणतीस वर्षे आधीच होऊन गेले होते!

निपाणी म्हटले की आपण दोनच गोष्टी सांगतो. १९५६ ची राज्य पुनर्रचना, नि १९८१ चे तंबाखू आंदोलन. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. ते विसरता येणारच नाही. पण शेतातून निघालेली तंबाखू पुढे वखारीत जाते, आणि तिथे ती कुटणारे, चाळणारे हात बहुतकरून बायकांचेच. धुळीने ठसका लागायचा, डोळे चुरचुरायचे. घरी आल्यावर अंगाचा वास जात नसे, पोराला जवळ घ्यायचीही पंचाईत.

या बायका संघटित झाल्या, मालकापुढे उभ्या राहिल्या. प्रा. सुभाष जोशी त्यांच्यासोबत होते. अनिल अवचटांनी त्यांच्यावर लिहिले, छाया दातार यांनी १९८९ साली इंग्रजीत पुस्तकच केले. आणि १९८२ साली बंगळूरच्या ‘युगांतर’ या गटाने त्यांच्यावर माहितीपट केला: ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. दीपा धनराज, आभा भैय्या, मीरा राव, नवरोज काँट्रॅक्टर ही ती मंडळी. आधी बायकांचे ऐकून घ्यायचे, कॅमेरा नंतर, अशी त्यांची रीत.

नाव पाहा, अस्सल मराठी! ज्या बंगळूरशी आपला भाषेचा वाद, तिथल्या माणसांनी आपल्या बायकांचे बोल शीर्षकात जसेच्या तसे ठेवले. रचून ठेवलेली तंबाखू आतल्या आत तापते, हे वखारीत राबलेल्या माणसालाच ठाऊक. सीमालढ्यावरच्या आपल्या लेखांत या बायका किती वेळा आल्या? मी स्वतःही त्यांना कधी आणले नाही.

अलीकडे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने ‘युगांतर’चे माहितीपट जतन केले आहेत. तेव्हाच्या पोरसवदा कामकरणी आज साठी-सत्तरीच्या असतील. त्यांना बोलावून निपाणीत एकदा हा माहितीपट लावावा, आणि पडद्यावरची एकेक बाई कोण, तिचे गाव कोणते, हे विचारून वहीत उतरवून घ्यावे. हे काम या हिवाळ्यात झाले तर बरे.